नुसतीच जमा

पंचवटीतल्या आमच्या शाळेत फळ्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगाने कायमच्या ओळी आखलेल्या होत्या. वार, तारीख, पट, हजर, आणि सगळ्यात शेवटी 'सुविचार'. त्याच्यापुढे हातभर मोकळी जागा. माझं अक्षर बरं होतं म्हणून ती जागा माझ्याकडे आली आणि पाचवी ते आठवी माझ्याकडेच राहिली. पहिले दोन महिने 'नेहमी खरे बोलावे', 'वेळ अमूल्य आहे' यांवर भागलं. मग साठा संपला. शेजारच्या तुकडीचे चोरून झाले, पाठ्यपुस्तकांच्या मागच्या पानांवरचे झाले. एका सोमवारी काहीच सुचेना तेव्हा मी सुट्टीत एसटीत वाचलेलं वाक्य लिहून टाकलं: 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी.'

वर्ग हसला. बाईंनी चष्मा वर सरकवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "यात चूक काय आहे ते सांगा." कुणालाच सांगता येईना. दिवसभर ते तसंच राहिलं.

तर माझं वाक्यं गोळा करणं हे असं सुरू झालं. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती, रोजचा माल पुरवायचा होता.

पुरवठा करणाऱ्यांत सगळ्यात मोठे आमचे अण्णा. ते नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये होते. आमच्याकडे 'प्रेसमध्ये आहेत' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. वर्तमानपत्राची प्रेस कुणाच्या मनातही येत नाही. पंचवटी कारंजावरून सकाळची बस, संध्याकाळी परत. येताना गेटवर झडती. आत रोज कोऱ्या करकरीत नोटांचे ताव हाताळणारा माणूस बाहेर कागदाचा कपटाही आणू शकत नसे. आई म्हणायची, "लक्ष्मीच्या कारखान्यातून हे रोज रिकामे येतात." पण रिकामे येत नसत. जेवणाच्या सुट्टीत कुणी काही म्हटलेलं, कीर्तनात कुणी ऐकलेलं, कुणाच्या डब्याच्या कागदावर छापलेलं असं एखादं वाक्य ते डोक्यात घेऊन यायचे आणि चहा पिता पिता मला सांगायचे. वाक्यांची झडती होत नव्हती.

१९८० साली एकदा त्यांनी पगारातली एक नोट माझ्यासमोर धरली आणि भिंग दिलं. अशोकस्तंभाच्या खाली बारीक अक्षरं होती: सत्यमेव जयते. "हे आधी नव्हतं," ते म्हणाले. "यंदापासून आलंय." खरंच, आपल्या नोटांवर राजमुद्रेखाली ते शब्द पहिल्यांदा आले त्या वर्षी. मुंडक उपनिषदातलं वचन. मी विचारलं, "म्हणजे आपल्या देशात सगळ्यात जास्त वेळा छापलेला सुविचार हाच का?" अण्णा हसले. म्हणाले, "छापून जास्त झाला म्हणून खपतो असं नाही." ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं नाही. तेव्हा कळलंही नव्हतं.

अण्णांचा एक नियम होता, तो मात्र चांगलाच कळला. वाक्य सांगितलं की लगेच विचारायचे, "कुणाचं?" माहीत नसेल तर म्हणायचे, "नंबर नसलेली नोट आहे ही." ज्या माणसाचा जन्म ताव मोजून घेण्यात आणि मोजून देण्यात गेला, त्याला बेवारस वाक्य खपायचं नाही. 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे' हे रामदासांचं. 'बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले' हे तुकोबांचं. यात अदलाबदल झाली की ते भाकरी मोडायचे थांबत. रामदासांबद्दल त्यांना थोडा गाववाल्यासारखा जिव्हाळा होता, कारण समर्थांनी बारा वर्षं टाकळीला तप केलं असं परंपरा सांगते आणि टाकळी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर.

रविवारी आम्ही सार्वजनिक वाचनालयात जायचो. 'सावाना'. १८४० सालची संस्था. तिथे कपाटापुढे उभं राहिलं की आपल्या आधी किती लोक इथे मान वाकडी करून पुस्तकांच्या पाठी वाचत उभे राहिले असतील, असं वाटायचं. मला एक खोड लागली. आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने खुणा केलेली वाक्यं मी शोधायची. पुस्तकावर रेघा ओढणं पाप, हे अण्णांनी बजावलेलं होतं. पण दुसऱ्याने केलेल्या पापाचा लाभ घ्यायला हरकत नव्हती. कधी एखाद्या कादंबरीत साठ-सत्तर पानं कोरी जायची आणि मग अगदी साध्या वाक्याखाली, म्हणजे 'ती उठली आणि तिने दार लावून घेतलं' अशा वाक्याखाली, दोनदा गिरवलेली रेघ. कुणी ओढली असेल? तिच्या किंवा त्याच्या घरात त्या आठवड्यात काय झालं असेल? सुविचारांपेक्षा त्या रेघा मला जास्त आठवतात.

लग्न होऊन इंदिरानगरला आले तोपर्यंत चार वह्या भरल्या होत्या. आज अकरा आहेत. दोन लाँगबुकं, काही साध्या दोनशेपानी, आणि एक डायरी द्राक्षबागेच्या औषधांच्या दुकानाने भेट दिलेली. तिच्या प्रत्येक पानाखाली त्यांचाच एक सुविचार छापलेला, त्याच्यावर द्राक्षाचा घड. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मी शाईने ठळक लिहिलं होतं, 'आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने'. तुकोबांच्या त्या चरणाला लगेच जोडून पुढचा येतो, पण पानावरची वेलबुट्टी काढून झाल्यावर जागा उरली नव्हती. तेवढ्यावरच थांबले.

एवढ्या वह्यांत हवं ते सापडणं कठीण होत गेलं. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने अशा टिपणवह्यांची अनुक्रमणिका कशी करावी यावर एक युक्ती १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये छापली होती, असं वाचनात आलं. विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं, त्याच्यापुढे येणारा पहिला स्वर घ्यायचा, आणि त्या जोडीच्या घरात पान क्रमांक टाकायचा. मी ते वाचून मोठ्यांदा हसले. ही तर बाराखडी! क, का, कि, की. त्या बिचाऱ्याला जे रकाने पाडून जुळवावं लागलं ते आपल्याला पहिलीत घोकून घेतलेलं असतं. आठवडाभर बसून मी सगळ्या वह्यांची खतावणी केली. 'क'मध्ये कष्ट, 'का'मध्ये काळ, 'क्ष' वेगळा. हिशोबाच्या खात्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे असलं काम म्हणजे सणच.

सातपूरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला होते. तिथेही गेटच्या आत एक हिरवा फळा होता, 'आजचा विचार'. एचआरच्या मुलाचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, त्यामुळे तो फळाही माझ्याकडे आला. पहिली काही वर्षं मला त्याचा अभिमान होता. लोक पंचिंग करून आत येताना मान वळवून वाचायचे. एकदा २ ऑक्टोबरला मी ते सुप्रसिद्ध वाक्य लिहिलं, जगात जो बदल पाहायचा आहे तो आधी स्वतः व्हा. खाली म. गांधी. पुढे कळलं की या शब्दांत ते गांधीजींच्या लेखनात कुठेच नाही. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी जे लिहिलं, ते साधारण असं की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाचा कलही बदलेल. त्यात हुकूम नाही, 'आपण' आहे, आणि 'तर' आहे. कुणीतरी कुठेतरी ते घासून गुळगुळीत केलं, 'आपण'चं 'तुम्ही' केलं आणि नाव तेवढं ठेवलं. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं की अण्णा समोर असते तर भाकरी मोडायचे थांबले असते.

मग २००९ आलं. मंदीचं वर्ष. ऑर्डरी आटल्या, तिसरी पाळी बंद झाली, आणि एका संध्याकाळी साहेबांनी मला थांबवून बावीस नावांची यादी दिली. फुल अँड फायनल तयार करायचे. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, बोनसचा भाग, वजा सोसायटीचं कर्ज. मी साडेनऊपर्यंत बसून बावीस कागद केले. एकेका कागदाखाली आकडा पडत होता; कुणाची एकोणीस वर्षं, कुणाची सात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी फळ्यापुढे उभी राहिले. मला माहीत होतं आज काय होणार आहे. त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे कुणकुण होती, कागद नव्हता. मला मनापासून वाटलं की त्यांना आधार वाटेल असं काहीतरी लिहावं. वही उघडली, 'ब'चं घर काढलं आणि लिहिलं: 'बदल हा जगाचा नियम आहे.' खाली लिहिलं, गीता. आता सांगते, हे वाक्य गीतेच्या कुठल्याही श्लोकाचं भाषांतर नाही. सलूनपासून दवाखान्यापर्यंत टांगलेल्या त्या 'गीतासार'च्या तसबिरीतलं आहे. म्हणजे नोट नंबर नसलेलीच होती. पण ती गोष्ट पुढची.

दुपारी तीननंतर एकेकाला बोलावून हिशोब हातात देणं सुरू झालं. साडेचारच्या सुमाराला मी काही कामाने गेटकडे गेले तर लेथवरचे एक मामा फळ्यासमोर उभे होते. डब्याची पिशवी खांद्याला, पाकीट दुमडून खिशात, त्याचं टोक वर आलेलं. ते पाकीट मी आदल्या रात्री स्वतः चिकटवलं होतं. ते शब्दांवर बोट न ठेवता, पण बोट ठेवून वाचल्यासारखं सावकाश वाचत होते. मला पाहून म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही लिवता ना?"

"हो."

"नियम जगाचा म्हनता. मग जग म्हंजे आम्ही बावीसच का?"

रागावून नाही. खरंच विचारावं तसं. मी उभी राहिले. ते थोडा वेळ थांबले, उत्तर येईल म्हणून, आणि मग "बरं, येतो" म्हणून गेटबाहेर गेले.

डस्टर जागेवर नव्हता. मी तळहाताने फळा पुसायला लागले. त्या दिवशी निळा खडू वापरला होता, तो नीट पुसला जाईना. 'नियम' एवढं बराच वेळ दिसत राहिलं. आत येऊन मी रजिस्टर उघडलं आणि उरलेल्यांच्या सह्या घेतल्या. त्या पानाच्या कडेला माझ्या बोटांचे निळे ठसे आहेत. कारखान्याच्या दप्तरात ते रजिस्टर अजून असेल तर ठसेही असतील.

नंतर मी तो फळा सोडला. तब्येतीचं कारण सांगितलं. वह्या माळ्यावर गेल्या, त्या जवळजवळ दोन वर्षं.

मधल्या काळात एकदा भाचीला घेऊन पांडवलेण्यांवर गेले. पायऱ्या चढून धाप लागली म्हणून तीन नंबरच्या लेण्यापाशी टेकले. पुढच्या बाजूला यक्षांनी खालून तोलून धरलेलं ते मोठं लेणं. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, म्हणजे दुसऱ्या शतकातला. प्राकृत भाषा, ब्राह्मी लिपी. अक्षर मला वाचता येत नाही, पण त्याचं भाषांतर वाचलेलं होतं. मुलगा गेल्यावर आईने लिहवलेलं त्याचं वर्णन. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हे सगळे सांगतात, गाइडही सांगतात. पण त्या लेखात आणखी एक विशेषण आहे: 'पोरजन-निविसेस-सम-सुख-दुखस'. नगरातल्या लोकांचं सुखदुःख भेद न करता स्वतःचं मानणारा. आई आहे, कौतुक जास्तच करणार; राजा खरोखर तसा होता की नाही ते त्या वेळच्या पौरजनांनाच ठाऊक. पण मी त्या दगडासमोर बसून 'सम' या शब्दापाशी अडकले. बावीस पाकिटं चिकटवणारी मी आणि पाकीट खिशात घातलेले मामा, आमच्यात 'सम' काय होतं? माझा पगार पुढच्या महिन्याच्या सातला झाला होता. मी ज्या ठिकाणी उभी राहून ते वाक्य लिहिलं, तिथून ते खरं वाटायला काही खर्चच येत नव्हता.

घरी येऊन माळ्यावरचं खोकं काढलं.

सगळ्या वह्या सलग वाचायला पंधरा दिवस लागले आणि लाज वाटली. कारण तारखा होत्या, आणि तारखांवरून मला आठवत होतं. क्षमेवरची सात-आठ वाक्यं ओळीने उतरवली होती, तेव्हा सासूबाईंशी माझा अबोला होता. क्षमा त्यांनी करावी असं मला वाटत होतं. कष्टावरची वाक्यं मुलाच्या दहावीच्या वर्षातली. अहंकारावरची सगळी साहेबांसाठी. काटकसरीची ह्यांच्यासाठी. पानंच्या पानं मी दुसऱ्यांसाठी माप घेऊन कपडे शिवत बसले होते. व्याकरणात सांगायचं तर माझी सगळी वही द्वितीयपुरुषी होती. 'तू' आणि 'तुम्ही'. आणि पहिल्या पानावर वेलबुट्टीच्या खाली जागा न उरल्यामुळे राहिलेला तुकोबांचा तो पुढचा चरण: 'शब्दांचीच शस्त्रे यत्ने करू'. शस्त्रं तर मी केलीच होती. टोकं सगळी बाहेरच्या बाजूला.

हिशोबाच्या भाषेत हे मला चटकन उमगलं. तीस वर्षं नुसतीच जमा. खर्चाची बाजू कोरी. असा ताळेबंद कुणी माझ्यासमोर आणला असता तर मी त्याला परत पाठवला असता.

तेव्हा मी नवी वही घेतली आणि पानाचा उजवा तिसरा हिस्सा रेघ मारून मोकळा सोडला. डावीकडे वाक्य आणि कुणाचं ते. उजवीकडे तारीख घालून फक्त एवढंच, की हे मी स्वतःवर कधी वापरलं आणि काय झालं. तीन महिन्यांत उजवीकडे काही पडलं नाही तर वाक्य रद्द. ऐकायला कडक वाटतं, पण मोकळं वाटायला लागलं. 'केल्याने होत आहे रे' याच्यापुढे पहिली नोंद आहे स्कूटरची. चाळिशीत शिकले. 'गंगापूर रोड. उजवीकडे वळताना बंद पडली. मागचा ट्रकवाला थांबला.' दुसरी नोंद: 'आज बंद पडली नाही.' समर्थांना हे अभिप्रेत होतं का कोण जाणे. 'दिसामाजि काहीतरी ते लिहावे' याच्यापुढे बऱ्याच तारखा आहेत आणि मध्येच एक सात महिन्यांचं भगदाड. ते अण्णा गेले तेव्हाचं.

रद्द झालेल्यांचीही गंमत आहे. नातं टिकवायचं तर एकाने पडतं घ्यावं, अशा अर्थाचं एक वाक्य लग्नाच्या वर्षी कॅलेंडरवरून उतरवलेलं होतं. ते मी नव्या वहीत आणलं. उजव्या बाजूला एका वर्षात नऊ नोंदी झाल्या आणि नऊही वेळा तो 'एक' म्हणजे मीच. लाल पेनाने आडवी रेघ मारली. ह्यांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नऊ?" तेवढंच. पण त्यानंतरची दहावी वेळ माझी नव्हती.

सातवाहनांचाच हाल राजा. 'गाथा सप्तशती' त्याच्या नावावर आहे, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा संग्रह. सुरुवातीलाच तो सांगतो की एक कोटीतून या सातशे निवडल्या. कोटी हा आकडा बोलण्याचा असेल, सोडून देऊ. मला त्यातलं मोठेपण वाटतं ते टाकून दिलेल्यांचं. नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार तीनशे! माझ्या अकरा वह्यांतून नव्या वहीत आज एक्केचाळीस वाक्यं उरली आहेत. त्यातही पाच-सहा डळमळीत आहेत. सकाळी मोबाइल उघडला की सूर्योदयासकट चौदा सुविचार आलेले असतात. त्यांना नंबर नसतो आणि असलाच तर दुसऱ्याचा असतो. मी वाचते, हात जोडलेलं चित्र पाठवते. नात्यातली माणसं आहेत, दुखवायची कशाला. त्यांच्या वहीचं त्यांनी बघावं.

लेथवरच्या मामांचं वाक्यही त्या एक्केचाळीसात आहे. 'जग म्हणजे आम्ही बावीसच का?' कुणाचं, या रकान्यात त्यांचं नाव आणि मशिन नंबर. उजवीकडचा हिस्सा भरून पुरवणीचा कागद टाचलाय.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी पांढरा बोर्ड लावला आणि मार्कर माझ्या हातात दिला. "मॅडम, तुमचं अक्षर चांगलंय. रोज एक छानसा विचार येऊ द्या." नाही म्हणता आलं नाही. दोन दिवस बोर्ड कोराच ठेवला. तिसऱ्या दिवशी वॉचमनने निरोप आणला, तो मी मोठ्या अक्षरात लिहिला:

'शनिवारी पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा.'

संध्याकाळी दूध घेऊन येत होते तर तिसऱ्या मजल्यावरचे काका बोर्डासमोर थांबलेले. त्यांनी मोबाइलने फोटो काढला, मान हलवली, पुन्हा वाचलं.

"फार खोल आहे हो," ते म्हणाले. "कुणाचं?"

"पाणीपुरवठा विभागाचं," मी सांगितलं आणि बादल्या भरायला वर गेले.